मकरपुऱ्यातले टायटॅनियम वेल्डिंगचे वर्कशॉप : एका कॉइलच्या निमित्ताने

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आर्गन वेल्डिंगच्या पाट्या पावलोपावली दिसतात आणि त्यांतल्या निम्म्या लोकांना विचारले तर टायटॅनियमचेही काम घेतो असे सांगतात. काम घेणे वेगळे आणि ते निभावणे वेगळे, हे मला एक कॉइल हातची घालवल्यावर समजले. ज्या वर्कशॉपविषयी हे लिहीत आहे त्याची पाटी लहान आहे, आतली जागाही फार मोठी नाही आणि दर ऐकून पहिल्यांदा मी उठून निघालोच होतो. तरीही मागच्या काही महिन्यांत मी तिथे तीन कामे दिली. त्याची कारणे जरा तपशिलात सांगितल्याशिवाय तो दर कोणालाच पटणार नाही.

आमचा कारखाना बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या बाजूला आहे. तिथे एका टाकीत क्लोराइडयुक्त आम्लधर्मी द्रव वाफेवर तापवावा लागतो आणि त्यासाठी ग्रेड २ (शुद्ध टायटॅनियमचा एक दर्जा) टायटॅनियमच्या एक इंची नळीची कॉइल, म्हणजे वेटोळे, बसवलेली आहे. अशा द्रवात स्टेनलेस स्टीलला बारीक छिद्रे पडत जातात, म्हणून हा महागडा धातू. गेल्या वर्षी कॉइलचा एक जोड गळू लागला तेव्हा मी ती दुसऱ्याच एका ठिकाणी दिली होती. त्यांनी एका दिवसात काम केले, वेल्डची रेघ आरशासारखी चकचकीत करून दिली, पैसेही बेताचे घेतले. पाच आठवड्यांनी त्याच जोडावर आडवी चीर गेली. कॉइल बाहेर काढून तो तुकडा शिकंज्यात धरला आणि हातोड्याने हलकेच ठोकला, तर धातू वाकण्याऐवजी खडूसारखा तुटला. चौकशी करायला गेलो तेव्हा तिथल्या पोऱ्याने अगदी निष्पापपणे सांगितले की वेल्ड निळे पडले होते, पण ब्रश मारून स्वच्छ करून दिले होते. आपण ग्राहकासाठी जास्तीची मेहनत घेतली असे त्याला मनापासून वाटत होते.

स्टेनलेसच्या सवयीने पाहिले तर त्याचे फारसे चुकलेही नव्हते. लोखंड आणि त्याच्या मिश्रधातूंवर तापल्यानंतर जो ऑक्साइड चढतो तो बहुतेक पृष्ठभागावरच राहतो, कारण घट्ट अवस्थेतल्या लोखंडात ऑक्सिजन जवळजवळ विरघळतच नाही. त्यामुळे तो ऑक्साइड घासून किंवा आम्लाने धुऊन काढला की खालचा धातू बव्हंशी पूर्वीसारखाच असतो. टायटॅनियमची गोष्ट याच्या उलट आहे. त्याच्यावरही ऑक्साइड चढतो, पण त्याच वेळी ऑक्सिजनचे अणू धातूच्या आत शिरतात आणि तिथेच मुक्काम करतात. साध्या तापमानाला टायटॅनियमची जी स्फटिकरचना असते, जिला अल्फा म्हणतात, तिच्यात एकूण अणूंपैकी जवळपास एक तृतीयांश ऑक्सिजन मावू शकतो. इतका ऑक्सिजन पोटात घेऊनही तो धातू धातूसारखाच दिसतो, फक्त त्याची लवचीकता गेलेली असते. बाहेरचा रंग ब्रशने जातो, आत शिरलेला ऑक्सिजन जात नाही. आमच्या कॉइलच्या बाबतीत नेमके हेच झाले होते, आणि ब्रश मारल्यामुळे ते कळण्याचा एकमेव स्वस्त उपायही नाहीसा झाला होता.

हे प्रमाण किती सूक्ष्म असते हे मला या वर्कशॉपच्या मालकांनी एका कागदावर लिहून दाखवले. शुद्ध टायटॅनियमच्या ग्रेड १ मध्ये ऑक्सिजनची कमाल मर्यादा ०.१८ टक्के, ग्रेड २ मध्ये ०.२५ टक्के आणि ग्रेड ४ मध्ये ०.४० टक्के आहे. ग्रेड २ कायमचा वाकू लागण्याचा किमान ताण २७५ मेगापास्कल धरतात, तर ग्रेड ४ चा ४८० च्या पुढे जातो, आणि एवढी वाढ मुख्यतः त्या ०.१५ टक्के जादा ऑक्सिजनमुळे होते. म्हणजे ऑक्सिजन हा मुळात शत्रू नाही, कारखान्यात मोजूनमापून घातला तर तो बळ देतो. वेल्डिंगच्या वेळी हवेतून बेहिशेबी शिरला तर मात्र धातू ठिसूळ होतो. मालक महाराजा सयाजीराव विद्यापीठात, म्हणजे १८९० साली सयाजीराव महाराजांनी काढलेल्या जुन्या कलाभवनाच्या आवारात, धातुशास्त्र शिकलेले आहेत. गुजराती असूनही दांडिया बाजारातल्या शेजारामुळे मराठी सफाईने बोलतात आणि ग्राहकाला शिकवण्याचा त्यांना थोडा सोसच आहे, असे म्हटले तरी चालेल. घाईत असलेल्या माणसाने तिथे दुपारच्या चहाच्या वेळी जाऊ नये.

वेल्डिंगची खोली मुख्य शेडपासून जाड प्लास्टिकच्या पडद्यांनी वेगळी केलेली आहे. तिच्यात लोखंड घासण्याचा ग्राइंडर नेऊ देत नाहीत, पंखा लावू देत नाहीत, आणि टायटॅनियमचे स्टेनलेस ब्रश वेगळ्या डब्यात ठेवलेले असतात, ज्यांनी दुसऱ्या कोणत्याही धातूला हात लावलेला नसतो. ज्यांना सगळे जण मामा म्हणतात ते ज्येष्ठ वेल्डर पांढरे सुती हातमोजे घालून जोडाच्या कडा ॲसिटोनने पुसतात आणि पुसल्यावर तिथे बोट लागले तर पुन्हा पुसतात. मला सुरुवातीला हा सोवळ्याचा प्रकार वाटला. पण बोटाच्या तेलात आणि घामात कार्बन आणि हायड्रोजन असतो, आणि तापलेले टायटॅनियम ऑक्सिजनप्रमाणेच नायट्रोजन आणि हायड्रोजनही हावरटपणे ओढून घेते. ग्रेड २ मध्ये हायड्रोजनची मर्यादा तर अवघी ०.०१५ टक्के आहे.

खरे पैसे जिथे जातात ती गोष्ट म्हणजे आर्गन, हवेला जोडापासून दूर ठेवणारा निष्क्रिय वायू. साध्या स्टेनलेसच्या कामात वेल्डिंगच्या टॉर्चच्या तोंडातून येणारा आर्गन वितळलेल्या धातूच्या डबक्यावर पसरला की पुष्कळ होते. टॉर्च पुढे सरकला की मागची रेघ घट्ट होते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. टायटॅनियम मात्र १६६८ अंश सेल्सिअसला वितळते आणि घट्ट झाल्यावरही, साधारण सव्वाचारशे अंशांपर्यंत खाली येईतो, हवेतला वायू शोषून घेण्याच्या स्थितीत असते. म्हणून टॉर्चच्या मागे ट्रेलिंग शील्ड नावाची एक छोटी पेटी ओढावी लागते, जिच्यातून आर्गनची संथ चादर तापलेल्या रेघेवर राहते. मामांनी ही पेटी नळीच्या गोलाईप्रमाणे स्वतः पत्र्याची बनवलेली आहे. आत भोके पाडलेली तांब्याची नळी आणि तिच्यावर स्टेनलेसची बारीक जाळी, ज्यामुळे वायू फवाऱ्यासारखा न येता झिरपल्यासारखा येतो. वायू जोरात सोडला तर भोवऱ्यामुळे हवाच आत ओढली जाते, हे त्यांनी अगरबत्तीचा धूर धरून मला दाखवले.

नळीच्या आतल्या बाजूचेही तेच. दोन्ही टोके बंद करून खालच्या बाजूने आर्गन आत सोडतात आणि वरच्या छिद्रातून हवा बाहेर जाऊ देतात, कारण आर्गन हवेपेक्षा जड आहे. बाहेर पडणाऱ्या वायूतला ऑक्सिजन मोजणारा मीटर लावलेला असतो. दहा लाख भागांत किती भाग ऑक्सिजन आहे ते तो दाखवतो, आणि आकडा वीसच्या खाली येईपर्यंत मामांनी वेल्डिंगचा आर्क, म्हणजे विजेची ज्योत, पेटवला नाही. या प्रतीक्षेत पाऊण तास गेला. रबरी नळ्या त्यांनी कधीच काढून टाकल्या आहेत, कारण रबराच्या भिंतीतून हवेतला ओलावा हळूहळू आत येतो. त्याऐवजी प्लास्टिकच्या नळ्या आहेत. वेल्डिंग चालू असताना जोडात भरायच्या तारेचे तापलेले टोक आर्गनच्या बाहेर आले की मामा थांबत, तेवढे टोक कापून टाकत आणि मग पुढे जात. एका जोडाला त्यांनी असे चार वेळा केले. जमिनीवर पडलेल्या त्या चार तुकड्यांची टोके निळसर झालेली मी उचलून पाहिली.

बिलात आर्गन वेगळा लावलेला पाहून मी पहिल्या वेळी हुज्जत घातली होती. नंतर घरी हिशेब मांडला. टॉर्च, मागची पेटी आणि नळीच्या आतला प्रवाह मिळून मिनिटाला पस्तीस लिटर धरले, तर सात घनमीटरचे सिलिंडर तीन तास वीस मिनिटांत संपते, आणि त्यातला बराच वेळ प्रत्यक्ष वेल्डिंगचा नसून हवा घालवण्याचा आणि धातू निवण्याची वाट पाहण्याचा असतो. दोन जोडांना एक सिलिंडर लागले, त्यात मला आता वावगे वाटत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो मात्र पट्टीचा प्रयोग. तुम्ही विचारले आणि मामांना वेळ असला तर ते टायटॅनियमची पातळ पट्टी शिकंज्यात धरून एका टोकाला गॅसची ज्योत लावतात. आधी फिकट गवती पिवळा रंग उमटतो, मग तपकिरी, जांभळा, गडद निळा, मग आकाशी. ज्योतीच्या बाजूने हे पट्टे एकामागून एक पुढे सरकत जातात. हा रंग कुठल्याही रंगद्रव्याचा नसतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतल्या तीस-पन्नास भागांइतक्या जाडीच्या पारदर्शक ऑक्साइडवर प्रकाशाची एक लाट वरून आणि दुसरी तळावरून परतते आणि त्यांच्या बेरीज-वजाबाकीतून तो दिसतो, साबणाच्या फुग्यावर दिसतो तसाच. थर जाड होत गेला की रंगांचा फेरा संपून पुन्हा पिवळा आणि गुलाबी येतो, म्हणून नुसता पिवळा पाहून खूश होऊ नये असे मामा बजावतात. दुसऱ्या फेरीतला पिवळा जास्त झगझगीत आणि किंचित हिरवट असतो. आणखी तापवल्यावर रंग मेले, पृष्ठभाग करडा आणि मंद झाला आणि शेवटी टोकाला पांढरट भुकटीचा पापुद्रा धरला. घरांच्या भिंतींच्या रंगात जी पांढरी पूड घालतात तेच ते टायटॅनियम डायऑक्साइड.

पट्टी निवल्यावर त्यांनी ती दोन ठिकाणी वाकवली. निळ्या भागात ती निमूटपणे वाकली. करड्या भागात वाकवताना बारीक करकर ऐकू आली आणि वरच्या बाजूला समांतर भेगांची रांग दिसली. मी गोंधळलो, कारण निळे म्हणजे खराब हे तर मी पाठ करून आलो होतो. मामांनी मग समजावले की पट्टीचा निळा भाग सहाशेच्या आतबाहेर तापला होता आणि तोही थोडाच वेळ, त्यामुळे ऑक्सिजन कातडीपलीकडे गेला नाही. वेल्डच्या रेघेवर निळा दिसतो तेव्हा प्रश्न असा असतो की हवा नेमकी कधी लागली. अगदी शेवटी, धातू जवळजवळ निवल्यावर लागली असेल तर फारसे बिघडत नाही. वितळलेल्या डबक्याला लागली असेल तर सगळा जोड गेला. रंग हे सांगत नाही. म्हणून वेल्डिंगच्या बहुतेक संहितांमध्ये, म्हणजे नियमपुस्तकांत, रुपेरी आणि गवती रंग चालतात, निळा, हिरवा, करडा आणि पांढरा नाकारतात, आणि त्यावर कोणी वाद घालत बसत नाही.

मालकांनी यात आपली भर घातली. तापलेल्या धातूवरचा अखंड थर जसा वाढतो तशी ऑक्सिजनची वाट लांबते, म्हणून थर दुप्पट जाड व्हायला वेळ चौपट लागतो; याचा सिद्धांत कार्ल वागनर यांनी १९३३ मध्ये मांडला. पण हा नियम थर अभंग असेपर्यंतचाच. त्याआधी १९२३ मध्ये पिलिंग आणि बेडवर्थ यांनी ऑक्साइडचे आकारमान आणि तो बनायला खर्ची पडलेल्या धातूचे आकारमान यांचे गुणोत्तर काढून कुठला थर धातूला नीट झाकेल याचा एक ठोकताळा दिला. मॅग्नेशियमचे गुणोत्तर ०.८१ येते, म्हणजे पांघरूण अपुरे, ॲल्युमिनियमचे १.२८, म्हणजे पुरेसे. टायटॅनियमचे पावणेदोनच्या आसपास येते, त्यामुळे थंड असताना त्याचे पांघरूण उत्तम, पण आठशे अंशांच्या पुढे जाड थर स्वतःच्याच ताणाने फुटतो, पापुद्रे सुटतात आणि गंज न थांबता पुढे जात राहतो. हेच पातळ पांघरूण शाबूत असेल तर टायटॅनियम ओल्या क्लोरीनमध्ये वर्षानुवर्षे टिकते, आणि कोरड्या क्लोरीनमध्ये, पांघरूण दुरुस्त करायला पाणीच नसल्यामुळे, पेट घेऊ शकते. आमच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांनी हे एक वाक्य तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

मूळ कामाकडे येतो. वेल्ड झाल्यावर मामांनी मला बोलावले आणि म्हणाले, “साहेब, रंग बघून घ्या, मग पुढचं करतो.” तोवर रेघेला ब्रश लागलेला नव्हता. बाहेरून ती रुपेरी होती, एका जागी नखाएवढा गवती डाग. आतल्या बाजूला आरसा आणि विजेरी लावून पाहिले तर तिथेही तसेच. त्याच बैठकीत, त्याच वायूवर जोडलेला एक नमुना तुकडा त्यांनी आडवा वाकवून दाखवला आणि त्याचा कठीणपणा मोजला. मूळ धातू व्हिकर्स मापात १५८, वेल्ड १७१. मी जुन्या कॉइलचा तुटका तुकडा खिशात घेऊन गेलो होतो, तो मोजला तर काटा ३०० च्या पुढे गेला. मालक त्यावर काही बोलले नाहीत, फक्त तो आकडाही माझ्या कागदावर लिहून दिला. पाण्याच्या दाबाची आणि बारीक भेगा दाखवणाऱ्या रंगद्रवाची चाचणी रीतसर झाली, तिच्यात सांगण्यासारखे काही नाही. कॉइल सात महिने चालू आहे.

आता तक्रारी. पहिली वेळेची. तीन दिवस सांगून सहा दिवस लावले. त्यांतले दोन श्रावणातल्या पावसाचे होते, आणि हवा इतकी दमट असताना तार आणि नळी कोरडी राहत नाही हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण ते फोन करून कळवायला हवे होते. मी नंदेसरीहून अकारण एक खेप घातली. दुसरी तक्रार गंभीर आहे. कडा तासायच्या यंत्राशेजारी टायटॅनियमचा बारीक कीस उघड्या डब्यात साठलेला होता आणि भिंतीवर फक्त कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक नळकांडे होते. सलग नळी पेटत नाही, पण तोच धातू किसाच्या रूपात एका ठिणगीने पेटू शकतो. पेटलेले टायटॅनियम कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजनही काढून घेते, नायट्रोजनमध्येसुद्धा जळते, आणि त्यावर पाणी मारले तर हायड्रोजन सुटून प्रकरण चिघळते. त्याला कोरडी वाळू, कोरडे मीठ किंवा धातूच्या आगीसाठी मिळणारी खास पूड लागते. रंगांच्या पट्ट्यांवर अर्धा तास बोलणाऱ्या माणसाच्या शेडमध्ये हे असावे याचे मला नवल वाटले आणि मी ते तोंडावर बोललो. पुढच्या खेपेला डब्याला झाकण आणि शेजारी कोरड्या वाळूचे पिंप होते. खास पुडीचे नळकांडे अजून आलेले नाही.

दर स्टेनलेसच्या साधारण चौपट पडतो. एखादा शोभेचा तुकडा किंवा सायकलचा कंस जोडायचा असेल तर इतके पैसे घालवण्यात अर्थ नाही आणि तेही असे काम बहुधा घेणार नाहीत. दाबाखालची, रसायनातली नळी असेल, आणि ती बंद पडल्यावर एक पाळी थांबते असा हिशेब असेल, तर मी दुसरीकडे जाणार नाही. काम नेण्याआधी वस्तू आतून स्वच्छ धुऊन, वाळवून न्यावी. आमची दुसरी कॉइल आत रसायनाचा थर आहे म्हणून त्यांनी दारातूनच परत पाठवली होती, आणि तेव्हा मला राग आला होता.

कागदपत्रांत मात्र ते अजून दुकानदारच आहेत. बिलावर “टायटॅनियम वेल्डिंग, २ नग” एवढेच लिहिलेले असते. वापरलेल्या तारेचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओतीचा क्रमांक, आणि आर्गनच्या सिलिंडरचे शुद्धता प्रमाणपत्र मला पहिल्या कामाला तिसऱ्यांदा मागितल्यावर मिळाले, दुसऱ्या कामाला दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्या कामाचे अजून यायचे आहे.